आवाज येतोय

कोल्हापूरच्या एस.टी. स्टँडवर मला पोचवायला घरचे सात जण आले होते आणि सातही जण एकाच वेळी बोलत होते. वडील शाळामास्तर; ते कंडक्टरला बजावत होते की पोरगी एकटी हाय, पुण्यात नीट उतरवा. भाऊ टपावर वळकटी चढवणाऱ्या हमालाशी हुज्जत घालत होता. इचलकरंजीचे मामा सकाळच्या पहिल्या गाडीनं मुद्दाम आले होते. खिडकीखाली उभे राहून सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशा बेतानं ते विचारत होते, "येड्यांचं शिकायला पुण्याला कशाला जायला पायजे गं माले? हितं काय कमी हायत व्हय?" गाडीतले लोक हसले. मीही हसले. आईनं गजांमधून दशम्यांचं फडकं आत सरकवलं आणि म्हणाली, "कुणी कायबी बोललं तर फाडकन उत्तर देऊ नगंस. आधी ऐकून घे." मी म्हटलं, "बरं. येतो." गाडी सुटली तरी मामांचं बोलणं कोपऱ्यापर्यंत ऐकू येत होतं.

त्याला आता पंधरा-सोळा वर्षं झाली. तुम्ही जे तिथंच राहिलात, ते मला अधूनमधून विचारता की पुण्यात एवढी वर्षं काय केलंस. आणि जे माझ्यासारखे निघून आले, ते काहीच विचारत नाहीत, कारण त्यांना ठाऊक आहे. दोघांनाही एकदा सांगून टाकावं म्हणते. हल्ली फार थकायला होतं. दिवसभर माणसांचं ऐकून घेण्याचं काम आहे माझं, आणि ऐकून ऐकून माणूस थकतो हे मला कुठल्याही पुस्तकानं सांगितलं नव्हतं.

ते "येतो" मला पुण्यात महाग पडलं. आमच्याकडं पोरीसुद्धा "मी येतो, मी जेवलो, मी काल तिकडं गेलतो" असंच बोलतात, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. हॉस्टेलवर दुसऱ्याच दिवशी मेसमधून परत आल्यावर मी म्हटलं, "मी जेवून आलो." खोलीतल्या तिघी आधी एकमेकींकडं बघत राहिल्या आणि मग पोट धरधरून हसल्या. त्यातली अरुंधती, जी माझ्याच वर्गात होती आणि मनानं खरोखर चांगली होती, डोळे पुसत म्हणाली, "अगं, तू मुलगी आहेस ना?" पुढं महिनाभर कुणीही खोलीत शिरताना "आलो रे" म्हणायचं आणि माझ्याकडं बघायचं. चेष्टाच होती ती, दुष्टपणा नव्हता. पण मी मनातल्या मनात प्रत्येक वाक्य आधी तपासून मगच तोंडाबाहेर काढायला लागले. आले, गेले, जेवले. आहे, नाही, होय. दिवाळीच्या सुट्टीला घरी गेले तेव्हा दारातूनच हाक मारली, "आई, मी आले." आतून आई म्हणाली, "कोण आलंय म्हणायचं?" ती चेष्टा करत होती की तिला खरंच ओळखू आलं नव्हतं, हे मी तिला कधी विचारलं नाही.

मानसशास्त्राच्या एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला आठवड्यातून दोन दिवस गावाबाहेरच्या एका मानसिक रुग्णांच्या इस्पितळात पाठवायचे. विश्वस्तांनी चालवलेलं लहानसं इस्पितळ होतं, बैठ्या चाळीसारखं, पुढं मोकळं मैदान. आत्ताची मुलं त्याला प्लेसमेंट म्हणतात. आम्ही "ड्यूटी" म्हणायचो. काम म्हणजे नव्यानं आलेल्या रुग्णाशी बोलायचं, ठरलेले प्रश्न विचारायचे, उत्तरं लिहून डॉक्टरांना द्यायची. तिथल्या तरुण डॉक्टरांना श्वास घ्यायला फुरसत नसे, त्यामुळं आमच्या त्या कागदांना आमच्या लायकीपेक्षा जास्त किंमत होती. हे तेव्हा कळायला हवं होतं. अभिमानापलीकडं काही कळलं नाही.

आमच्या कामावर देखरेख करायला कर्णिकबाई होत्या. उंच, सडसडीत, बोलायला काटकसरी. त्यांनी पहिल्याच दिवशी आम्हाला शंभर पानी वह्या आणायला लावल्या आणि नियम सांगितला. डाव्या पानावर रुग्ण जे बोलला ते, त्याच्या शब्दांत, काना-मात्रेचा फरक न करता. उजव्या पानावर ते ऐकताना तुमच्या आत काय झालं ते. शनिवारी बाई वह्या तपासायच्या. डाव्या पानावर त्या क्वचितच खूण करत. उजव्या पानावर मी लिहायची, "रुग्णाची कहाणी ऐकून मन हेलावून गेलं." किंवा, "आजचा अनुभव अत्यंत उद्बोधक होता." बाई लाल पेन्सिलीनं शेजारी लिहीत, "हे कुणीही लिहील." दर शनिवारी तेच तीन शब्द. मला त्यांचा राग यायचा. पेशंटचं दुःख लिहायचं सोडून माझ्या पोटात काय चाललंय याच्याशी यांना काय करायचंय, असं वाटायचं. मास्तरांच्या घरात वाढलेली मी, निबंधाला कधी दहापैकी आठाच्या खाली आले नव्हते.

डिसेंबरात मारुती आला. पस्तिशीचा, काटक, खांद्यावर टॉवेल. इचलकरंजीत यंत्रमागावर अठरा वर्षं काम केलेला. त्याची शेड बंद पडली म्हणून पुण्याला बहिणीकडं आला होता, काहीतरी काम मिळेल या आशेनं. बहिणीच्या नवऱ्यानं त्याला इस्पितळात आणून घातलं होतं. त्यांची तक्रार अशी की हा झोपत नाही, बोलला तर ओरडूनच बोलतो, हाक मारली तर बघत नाही आणि शेजाऱ्यांना वाटतं घरात रोज भांडण आहे.

टेबलाच्या एका बाजूला मारुती, दुसऱ्या बाजूला मी, शेजारी अरुंधती, आणि मागं डॉक्टर उभे. मी माझ्या सगळ्यात स्वच्छ मराठीत विचारलं, "तुम्हाला आवाज ऐकू येतात का?"

त्यानं कपाळाला आठी घालून माझ्या ओठांकडं बघितलं. मी पुन्हा विचारलं.

"व्हय की," तो एवढ्या जोरात बोलला की अरुंधतीनं खुर्ची मागं घेतली. "येतोय की. दिसरात येतोय."

"किती दिवसांपासून?"

"लई वर्सं झाली त्येला."

"जवळ कुणी नसताना येतात?"

"कुणी नसलं की जास्तच येतोय."

डॉक्टरांनी मागून विचारलं, "काय सांगतात?" मी तोच प्रश्न त्याच्यापुढं ठेवला. तो हसला, पण कडू हसला. "सांगत्यात की. गप बस म्हणत्यात. सगळीच म्हणत्यात."

मी लिहिलं: होय, मला आवाज ऐकू येतात. बरीच वर्षं येतात. एकटा असताना जास्त येतात. ते मला गप्प बसायला सांगतात.

डॉक्टरांनी माझ्या खांद्यावरून वाचलं आणि म्हणाले, "अगदी पुस्तकातली केस. छान लिहिलंय तुम्ही." माझे कान लाल झाले. ती सुखाची लाली होती, हेही लिहूनच ठेवते.

आता तुम्ही जे तिकडं आहात, तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही. आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही कळेल. "येतोय" म्हणजे एक येतो आहे. अनेक आवाज असते तर तो "येत्यात" म्हणाला असता, जसा शेवटच्या उत्तरात "म्हणत्यात" म्हणाला. एक आवाज येत होता, आणि गप बस म्हणणारी माणसं वेगळी होती, बहिणीच्या घरची. मी त्याचं बोलणं शुद्ध केलं, आणि शुद्ध करताना एकाचे अनेक केले. एका आवाजाची चार माणसं झाली आणि ती माणसं त्याच्या कानात बोलायला लागली.

मला कळलं नव्हतं असं म्हणायची सोय असती तर बरं झालं असतं. लहानपणी दर मे महिन्यात मी मामांकडं इचलकरंजीला जायची. त्यांच्या गल्लीत दोन्ही बाजूंनी मागांच्या शेड. चोवीस तास खटाखट, खटाखट. मामा जेवताना मीठ मागायचे ते समोरच्या आळीला ऐकू जायचं, आणि मामी तेवढ्याच जोरात "द्यायला लागलोय की" म्हणायची. घरी परत आल्यावरही दोन दिवस तो खटका माझ्या कानात वाजत राहायचा, आणि आई म्हणायची, "गप झोप. माग इचलकरंजीला ऱ्हायलेत." मी तर पंधरा दिवसांची पाहुणी. हा माणूस अठरा वर्षं त्यात उभा होता; कान बधिर झाले असणार आणि खटका तेवढा आत वाजत राहिला असणार.

त्या टेबलावर मला मामांची गल्ली आठवली. एक प्रश्न जिभेवर आलाही होता. "कसला आवाज वो? मागाचा व्हय?" एवढाच. पण तो आला तो असा, आमच्या बोलीत आला. त्याचं शुद्ध मराठी करेपर्यंत शेजारी अरुंधती दिसली, मागं डॉक्टर दिसले, आणि मी तो गिळला. चूक झाली असं नाही म्हणता येणार. मी लाजले, आणि त्या लाजेपायी तो प्रश्न विचारला नाही.

मारुतीला विजेचे झटके सुरू झाले. त्या काळी ते सर्रास देत. डॉक्टर क्रूर नव्हते, समोर कागद होता आणि कागदावर आजार लिहिलेला होता. दोन झटक्यांनंतर तो ओरडायचा थांबला. चौथ्यानंतर तो इतका हळू बोलायला लागला की वाकून ऐकावं लागे. वॉर्डातले सगळे म्हणाले, चांगला फरक पडला. डॉक्टरांनी कागदावर "सुधारणा" असं लिहिलं आणि आणखी चार द्यायचे ठरवले. इचलकरंजीचा माणूस कुजबुजत बोलतो आहे, याची भीती वाटायला तिथं माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

रविवारी त्याची बहीण भेटायला आली. मी त्या दिवशी राहिलेल्या नोंदी पुऱ्या करायला गेले होते. ती भाकरी आणि खर्डा घेऊन आली होती. त्याच्या शेजारी बसली, त्याच्या उजव्या कानाला तोंड लावलं आणि मैदान दणाणेल अशी ओरडली, "दादा, जेवलास का?" त्यानं मान हलवली. मी जवळ गेले. ती मला म्हणाली, "बाई, शेड बंद पडल्यापास्नं त्येला झोपच न्हाई बघा. गप घरात त्येला भ्या वाटतंय. मागाशेजारी कसा, पाळी संपली की हातरुण न घालता झोपायचा." मी विचारलं, हे डॉक्टरांना सांगितलं का? ती म्हणाली, "मला कोण इचारलंय?"

हॉस्टेलवर येऊन मी वही उघडली. डाव्या पानावर माझं शुद्ध, सुबक अक्षर होतं. उजव्या पानावर लिहिलेलं होतं, "एका कष्टकऱ्याची ही अवस्था पाहून मन विषण्ण झालं." मी ते खोडलं. मग डाव्या पानावर त्याचे खरे शब्द लिहिले, जसे ऐकले होते तसे, सगळे हाय आणि व्हय ठेवून. ते मला एकही शब्द न विसरता आठवत होते, हे किती वाईट. आणि उजव्या पानावर लिहिलं की मला त्या दिवशीच कळलं होतं. मी विचारलं नाही कारण विचारताना मी कुठली आहे ते सगळ्यांना दिसलं असतं. एवढ्यासाठी त्याला चार झटके बसले. हे लिहायला दुपार गेली आणि संध्याकाळही गेली. लिहिताना भीती वाटत होती ती परीक्षेची. इस्पितळाच्या दाखल्याशिवाय बसता येत नव्हतं, आणि असलं लिहून कोण दाखला देणार? त्याच्या डोक्यापेक्षा मला माझ्या दाखल्याची काळजी जास्त होती. तेही लिहिलं.

शनिवारची वाट न बघता सोमवारी सकाळी मी वही कर्णिकबाईंच्या घरी नेऊन दिली. त्यांनी दारात उभं राहून वाचली. मला वाटलं, आता तरी म्हणतील की चांगलं लिहिलंस. त्यांनी वही मिटली आणि म्हणाल्या, "हे मला कशाला दाखवतेस? मी काय करणार याचं? पुढचा झटका कधी आहे?"

"उद्या," मी म्हटलं.

"मग इथं का उभी आहेस?"

त्या साडी बदलून माझ्याबरोबर आल्या. डॉक्टरांनी वही वाचली. त्यांचा चेहरा आधी रागाचा झाला, मग नुसताच दमलेला. ते म्हणाले, हे तुम्ही म्हणता म्हणून मी मानू का? सगळ्यांसमोर पुन्हा विचारा. मारुतीला आणलं. बाई, डॉक्टर, दोन नर्सा, आणि त्या दिवशी ड्यूटीवर असलेली अरुंधती. मी खुर्ची ओढून त्याच्या उजव्या बाजूला बसले, कानाला तोंड लावलं आणि पोटातून ओरडले, "दादा, आवाज येतोय म्हणालता न्हवं? कसला वो? मागाचा व्हय?"

दीड वर्षात मी तशी बोलले नव्हते. घसा दुखला.

तो माझ्याकडं वळला. मग त्याच्या चेहऱ्यावर ओळखीचं काहीतरी आलं आणि तो आधीच्या निम्म्या आवाजात, पण स्पष्ट म्हणाला, "मागाचा गं. दुसरा कसला आसंल?" डॉक्टरांनी दोन-तीन प्रश्न आणखी विचारायला लावले. तो नीट उत्तरं देत गेला. तारीख चुकली, मालकाचं नाव आठवलं नाही. मग कुणी काही विचारत नव्हतं तेव्हा तोच मला म्हणाला, "तू तर आपल्याकडचीच हाईस की पोरी. मग पयल्या दिशी का न्हाई बोललीस?"

सगळे माझ्याकडं बघत होते. मला आठवतं ते एवढंच की अरुंधती हसली नव्हती.

मारुतीचे पुढचे झटके रद्द झाले. कानाच्या डॉक्टरकडं चिठ्ठी दिली आणि आठवड्यानं बहीण त्याला घेऊन गेली. मालकाचं नाव तोवरही आठवलं नव्हतं. येईल हळूहळू, असं डॉक्टर म्हणाले. आलं का ते मला माहीत नाही. पुढं दोनदा इचलकरंजीला गेले तेव्हा चौकशी करायचं मनात होतं, पण केली नाही. तो भेटलाच तर पुन्हा तेच विचारेल, ही भीती. मला दाखला मिळाला. कर्णिकबाईंनी त्या उजव्या पानावर लाल पेन्सिलीनं काहीही लिहिलं नव्हतं.

पुढं मी पुण्यातच असल्याच एका मोठ्या इस्पितळात नोकरी धरली, लग्न केलं, इथलीच झाले. आता माझ्याकडं एम.ए.ची मुलं शिकायला येतात आणि मी त्यांना वह्या आणायला लावते. कोकणातली, मराठवाड्यातली मुलं पहिल्याच आठवड्यात आपली बोली धुऊन पुसून येतात, आणि मी त्यांना ओरडते. त्यांना वाटतं बाई तापट आहेत. तापट नाही, थकले आहे. पेशंटचं ऐकायला मी कधीच कंटाळत नाही, पण शुद्ध झालेलं ऐकायला कंटाळते.

कोल्हापूरला वर्षातून दोनदा जाते. आई-वडील गेले. भावानं घर नीट ठेवलंय, वहिनी प्रेमानं करतात. पण मी तिथं "हाय" आणि "न्हाय" बोलायला गेले की भाचरं खिदळतात. "आत्ती, तुम्ही नाटकातल्यागत बोलताय." खरं आहे ते. गेल्या खेपेला मंडईत वांगी निवडत होते तर भाजीवाली म्हणाली, "पावणं, कुठनं आलासा?" मी म्हटलं, हितलीच हाय की. ती आणि शेजारची एकमेकींकडं बघून हसल्या आणि मला भाव चढा लावला. वाद घातला नाही. तिचं काय चुकलं होतं?

घर कुठलं, असं कुणी विचारलं की मी आता पटकन उत्तर देत नाही. रोज सकाळी कामावर गेल्यावर मी आधी नव्यानं दाखल झालेल्यांचं रजिस्टर उघडते. नाव, वय बघायच्या आधी माझी नजर जिल्ह्याच्या रकान्यात जाते. पुणे, सातारा, नगर, पुणे. महिन्या-दोन महिन्यांतून एखाद्या ओळीत कोल्हापूर असतं. जयसिंगपूरची एखादी बाई, शाहूवाडीकडचा एखादा म्हातारा. मग शिपाई बोलवायची वाट न बघता मी उठते, खाटेजवळ जाऊन बसते आणि त्यांच्याशी आपलं बोलते. ती माणसं घाबरलेली असतात, आणि माझी बोली ऐकली की त्यांचे खांदे खाली येतात. तिथं मला कुणी हसत नाही. जीभ अडखळत नाही, शब्द शोधावे लागत नाहीत, आणि तेवढा अर्धा-पाऊण तास मी खरोखर घरी असते. मला बरं वाटतं. या बरं वाटण्याची मला लाज वाटते, आणि रकान्यात बरेच दिवस कोल्हापूर दिसलं नाही की मी हिरमुसते, त्याची त्याहून जास्त. आपल्यातलं कुणीतरी मोडून पडल्याशिवाय मला आता घरी जाता येत नाही.